नाक्यावरचा आठवा महिना

सकाळचे साडेसात. ठाण्याचा आनंदनगर टोलनाका. बसची वाट बघणाऱ्या या ताईंना आठवा महिना लागलाय. एका हाताने ओढणीचा बोळा नाकाशी धरलाय, दुसरा हात पोटावर. समोर ट्रक पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने सरकतायत. ड्रायव्हरने रेस दिली की काळा भपकारा थेट थांब्यावर येतो.

ओढणीने धूळ अडते. धुरातले पीएम २.५ कण अडत नाहीत. केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असलेले हे कण फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा, बाळासाठी गाळणीचं काम करते, अशी आपली समजूत. पण २०१९ साली बेल्जियममधल्या संशोधकांना काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही सापडले. त्यातून वारेचं काम बिघडू शकतं, बाळाचं पोषण कमी पडतं. मग काही बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, काही अडीच किलोही भरत नाहीत. अशा बाळाला अंगात ऊब टिकवणं, दूध ओढणं, साध्या संसर्गातून तरणंही जड जातं.

आणि घरात विचारलं कुणाला जातं? “नीट जेवत नव्हतीस का गं?”

एखाद्या बाळाचं वजन नेमकं कशाने घटलं, हे सांगणं अवघड. रक्त कमी असतं, रक्तदाब असतो. पण हवेचा दोष आईच्या माथी कशाला? पालेभाजी निवडून घेता येते. हवा ती कशी निवडणार?

ही हवा बदलते, आणि बाळंही सावरतात. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात आपल्या फास्टॅगसारखी यंत्रणा आली, टोलच्या रांगा ओसरल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये वेळेआधीची बाळंतपणं आणि कमी वजनाची बाळं, दोन्ही दहा टक्क्यांहून जास्त घटली. औषध नाही, इंजेक्शन नाही. गाड्या थांबेनाशा झाल्या, एवढंच.

ऑक्टोबर २०२४ पासून आनंदनगरला हलक्या गाड्यांचा टोल माफ आहे. ट्रकचा नाही. निदान गर्दीच्या वेळी तरी अवजड गाड्या इथे तुंबू नयेत आणि बसथांबा या धुरातून पुढे सरकवावा, हे आपण सगळ्यांनी मागायला हवं. थंडीत तर धूर जमिनीलगतच साचतो. तोवर ताईंना ओढणीऐवजी घट्ट बसणारा एन-९५ मास्क बरा.

बस आली. ताई दांडा धरून सावकाश चढतायत. मागून कुणीतरी हॉर्न वाजवतंय.