रिकल्व्हरचे मनोरे: आधी पायाखाली पाहू

मित्रहो, जुनी पडकी इमारत बघायला गेलो की आपण आधी मान वर करतो. भेग कुठे गेली आहे, चुना कुठे सुटला आहे, पिंपळ कुठे रुजला आहे, हे शोधतो. समुद्रकाठच्या इमारतीपाशी मात्र आधी खाली बघावं लागतं. इंग्लंडमध्ये केंटच्या उत्तर किनाऱ्यावर रिकल्व्हर इथे दोन जोड मनोरे उभे आहेत. त्यांचं खरं दुखणं पायाखालीच आहे.

मनोरे बाराव्या शतकाच्या अखेरीचे. ज्या चर्चला ते जोडले, ते त्याहून खूप जुनं. 669 मध्ये केंटचा राजा एगबर्ट याने बासा नावाच्या धर्मगुरूला मठासाठी ही जागा दिली. आणि ती जागा म्हणजे तिसऱ्या शतकातल्या एका रोमन किल्ल्याचं आवार. त्या वेळी इथून वॉन्ट्सम नावाची खाडी जात असे. खाडीच्या या तोंडावर हा किल्ला आणि दुसऱ्या तोंडावर रिचबरोचा. पुढे मध्ययुगात ती खाडी गाळाने भरत गेली, आज तिथे शेतं आहेत. एका बाजूला समुद्र जमीन देत होता आणि हाकेच्या अंतरावर दुसऱ्या बाजूला ती खात होता. किनाऱ्याचा विचार करताना हे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवा.

रोमनांच्या काळी उत्तरेचा समुद्र किल्ल्यापासून बराच लांब होता. सोळाव्या शतकात तो जेमतेम पाव मैलावर आला. 1800 उजाडलं तेव्हा लाटा चर्चच्या अंगणाशी पोचल्या होत्या. आज किल्ल्याचा साधारण अर्धा भाग नाहीसा झाला आहे. उत्तरेची तटबंदी तर पूर्ण गेली.

हे का झालं? इथला कडा मुख्यतः मऊ वाळूच्या थरांचा आहे. भरतीची लाट त्याचा पायथा कोरते. वरून पावसाचं पाणी मुरतं, थर जड होतो, आणि एक दिवस वरचा ढलपा खाली बसतो. पडलेली माती पुढच्या भरत्या घेऊन जातात आणि पायथा पुन्हा उघडा पडतो. यात मनोऱ्याच्या बांधकामाचा काहीच दोष नाही.

बांधकामाबद्दल एक सांगायलाच हवं. मुरूडजवळचा पद्मदुर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून खोल गेले आहेत आणि सांध्यांतला चुना जाळीसारखा पुढे उभा आहे. रिकल्व्हरच्या रोमन तटात दगड चकमकीचा आहे, तो सहसा झिजत नाही. तिथे जपावा लागतो तो चुना. म्हणून एका किनाऱ्यावरचा दुरुस्तीचा नियम दुसऱ्या किनाऱ्यावर डोळे मिटून लावू नये, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आता 1809 कडे येऊ. त्या वर्षी गावाने चर्च पाडायला घेतलं. हा निर्णय मला आजही बोचतो. पाडापाडीत सातव्या शतकातली कमान गेली, भिंतींचे दगड आतल्या बाजूच्या हिलबरो गावी नव्या चर्चसाठी नेले. कमानीखालचे दोन खांब पुढे एका शेतावर सापडले, ते आता कँटरबरी कॅथेड्रलच्या तळघरात आहेत. समुद्र न्यायच्या आधीच माणसांनी ते चर्च मोडलं.

मनोरे मात्र राहिले, कारण दर्यावर्दी लोकांना ते हवे होते. आपल्या कोकणातला नाखवा जशी टेकडी आणि देऊळ एका ओळीत धरून होडी आत घेतो, तशी टेम्सच्या मुखाकडे जाणाऱ्या जहाजांना ही जोडी म्हणजे ठरलेली खूण होती. ट्रिनिटी हाउस ही तिकडची दीपस्तंभ सांभाळणारी संस्था. तिने 1810 मध्ये हे अवशेष विकत घेतले आणि कड्याच्या पायथ्याशी लाटा अडवायला बांध घातले. त्यांनी भिंतींच्या आधी जमीन सांभाळली, म्हणूनच मला हे काम इतकं मोलाचं वाटतं. सव्वादोनशे वर्षं होत आली, पायथ्याचं संरक्षण वेळोवेळी नवं होत गेलं आणि मनोरे उभे आहेत.

मग सगळाच किनारा दगडांनी का बांधून काढत नाहीत? तसं केलं तर शेजारच्या पुळणीला मिळणारी वाळू बंद होते, कारण ती वाळू ढासळणाऱ्या कड्यांतूनच येते. शिवाय रिकल्व्हरच्या पश्चिमेचा कडा मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तिथल्या ताज्या, उघड्या वाळूत पाकोळ्या बिळं करून अंडी घालतात. कडा ढासळायचा थांबला तर त्यावर गवत चढेल आणि पाकोळ्यांना घर उरणार नाही. मनोऱ्यांखालचा कडा बांधलेला आणि थोड्या अंतरावरचा मोकळा, अशी ही रेघ आखलेली आहे.

तिथे कधी गेलात तर मनोऱ्यांसमोर फोटो काढाच. पण भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा आणि ओहोटीला खाली उतरा. बांधलेला भाग कुठे संपतो, तिथे जाऊन उभे राहा. कड्यावर बिळं दिसतील, खाली नुकतीच पडलेली वाळू दिसेल, आणि मान वळवली की मागे ते दोन मनोरे.