पोटातला पोटभाडेकरू

नमस्कार, श्रोतेहो.

काचेच्या नळीत थोडं सीरम घ्यायचं, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटतो तो पिवळसर द्रव. त्यात यीस्टच्या पेशी कालवून नळी ३७ अंशांवर ठेवायची. दोन-तीन तासांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मघाच्या गोलसर पेशींना कोंब फुटलेले दिसतात. प्रयोगशाळेत कॅन्डिडा अल्बिकन्स ओळखायची ही जुनी रीत. मला विचाराल, तर या यीस्टची अर्धी कुंडली त्या कोंबातच मांडलेली आहे.

ते बाहेरून यावं लागत नाही. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात ते मुकाट राहत असतं. पोटभाडेकरूच म्हणा ना! शेजारचे जीवाणू त्याला पाय पसरू देत नाहीत, पांढऱ्या पेशी पहारा करतात. प्रतिजैविकांनी ते जीवाणू मेले, केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटल्या, की घर फिरलं म्हणजे वासेही फिरतात, तशी गत होते; हाच पोटभाडेकरू अंगावर उलटतो.

कोंब वाढून तंतू होतो. त्याच्या अंगावर एएलएस-थ्री नावाचं प्रथिन असतं. आपल्या अस्तराच्या पेशी ज्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात, नेमकं त्यालाच ते बिलगतं. पेशी फसते आणि तंतूला स्वतःच आत ओढून घेते. कडी आतून निघते! काही तंतूंना तेवढाही धीर नसतो; प्रथिनं विरघळवणारी विकरं सोडत, टोकाचा रेटा देत ते सरळ घुसतात. वर कॅन्डिडालायसिन हे विष. ते उजेडात आलं २०१६ मध्ये. अवघ्या ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, पण पेशीच्या पटलाला भोकं पाडतो. भक्षक पेशीने गिळलं, तरी पुष्कळदा हे यीस्ट तिच्या पोटात तंतू काढतं आणि तिलाच फोडून बाहेर येतं.

सगळा दोष तंतूंच्या माथी मारू नका, बरं का. रक्तातून मूत्रपिंडापर्यंत वाहत जायला गोल पेशीच सोयीची. शरीरात घातलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर, तर दोन्ही रूपं मिळून असा चिकट थर धरतात, की औषधाची मात्रा चालेनाशी होते.

आणि कॅन्डिडा ऑरिस? २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून सापडलेलं हे यीस्ट. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाला ते बहुधा दाद देत नाही, रुग्णालयात एकदा शिरलं की हटता हटत नाही. त्याला सीरमच्या नळीत ठेवून पाहा. तीन तासांनीही पेशी गोलच्या गोल; कोंब नाहीच.