भर पावसात मोहफुलं

[दृश्य: वडसा. भिंतीभर नाटकांची पोस्टरं.]

गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. इथं सगळे वडसाच म्हणतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचं बुकिंग इथूनच होतं. दिवाळीनंतर हंगाम लागतो, होळीच्या आसपास आटपतो. मंडईची गावजत्रा असो की शंकरपटाची बैलांची शर्यत, रात्री नाटक ठरलेलंच. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत चालतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

असल्या मुरलेल्या प्रेक्षकांच्या मोबाइलवर एक थरार मालिका आली. जंगल, खून, शहरातून बदलून आलेला इन्स्पेक्टर. आपल्याकडची गोष्ट म्हणून लोकांनी हौसेनं लावली.

[दृश्य: पानठेला. एका मोबाइलभोवती चार डोकी.]

पहिला भाग बरा होता. दुसऱ्यापासून घसरण.

सगळ्या तपासाचा डोलारा एका बाईच्या साक्षीवर. भर पावसाळ्यात, टळटळीत दुपारी, मोहफुलं वेचताना तिनं म्हणे खुन्याला पाहिलं. साहेब गंभीरपणे लिहून घेतात. पानठेल्यावर इथंच हसू फुटलं. मोह गळतो मार्च-एप्रिलात, तोही पहाटे. बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली असतात.

"बाई खोटं बोलून रायली," एकानं निकाल देऊन टाकला.

खरं तर रहस्यकथेला याहून चांगला धागा कुठला? पण ती खोटं बोलतेय हे लेखकाच्याच गावी नाही! शेवटपर्यंत ती खरी साक्षीदार, आणि खुनी निघतो आठव्या भागात कुठून तरी टपकलेला मेव्हणा.

इन्स्पेक्टरबद्दल काय सांगावं! बायको गेली तरी चेहरा तोच, जीप पंक्चर झाली तरी तोच. गावकरी झालेले नट वाक्यागणिक 'बे' लावतात; झाडीबोलीचा मात्र पत्ता नाही.

एक कोतवाल तेवढा जमलाय. हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, साहेबाच्या नजरेला नजर न देता तो खबर देतो. सांगितलं त्याहून जास्त त्याला ठाऊक आहे, हे नुसत्या थांबलेल्या अंगठ्यावरून कळतं. त्याला चौथ्याच भागात मारून टाकलंय.

झाडीपट्टीची नाटकंही काही सोवळी नाहीत. रडारड भरपूर, योगायोग त्याहून भरपूर. पण तिथं नट ढेपाळला की समोरून आरोळी येते, आणि पुढच्या गावात प्रवेश बदललेला असतो. मोबाइलवर कोणाला ओरडणार?

दुसरा सीझन येतोय म्हणे. पाहणार का, असं आम्ही पानठेल्यावर विचारलं.

"कोतवाल जित्ता होत असन, तं पाहू."