आधी वस्तू बघा, मग जागा

सगळ्यांना नमस्कार. स्वयंपाकघर लावायचं म्हटलं की बरेच जण आधी नवे डबे आणतात, एकसारखे, लेबलं लावलेले, आणि मग जिथे मावतील तिथे ठेवून देतात. दिसतं छान, पण धान्याला डब्याच्या रूपाशी काय देणंघेणं? त्याला ऊन, वाफ, हवा आणि उष्णता यांच्याशी मतलब. म्हणून मी सांगते, रिकामी जागा दिसली म्हणून वस्तू ठेवू नका, वस्तूला काय सोसतं ते बघा आणि मग जागा द्या.

गॅसच्या वरचं कपाट घ्या. हाताशी असतं म्हणून मसाले, तेल सगळं तिथेच जातं, आणि त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा तीच. मसाल्याचा सुवास म्हणजे उडून जाणारं तेलच असतं, रोजच्या धगीनं ते लवकर उडतं, त्यात आपण उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मसाला टाकतो, वाफ आत शिरते आणि गुठळ्या होतात. कोरड्या चमच्यानं घ्या ना. खायचं तेल हवा, उजेड आणि उष्णतेनं खवट होतं, त्याला अंधारं, थंड कपाट द्या. गॅसवरच्या जागेत ताटं-वाट्या ठेवा, त्यांना काही होत नाही.

आता कीड. डबा घट्ट लावला तरी सोंडे झाले, असं लोक म्हणतात. अहो, ते बऱ्याचदा धान्याबरोबरच घरात आलेले असतात! मादी दाण्याला बारीकसं भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. धान्य थोडं असेल तर बंद पिशवीत उणे 18 अंशाला चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर पिशवी न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर पाणी धरतं. आणि कृपा करून जुन्यावर नवं ओतू नका, तळातलं वर्षभर तळातच राहतं. डबा रिकामा करा, पुसा, नवं खाली, जुनं वर.

कांदे-बटाटे वेगवेगळे, दोन्ही हवेशीर आणि अंधारात. केळी, सफरचंद, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यांच्या शेजारी पालेभाजी ठेवली की ती पिवळी पडते. ब्रेड फ्रीजमध्ये बाहेरपेक्षा लवकर कडक होतो, टिकवायचाच असेल तर फ्रीजर.

पण खरी काळजी शिजवलेल्या अन्नाची घ्यायला हवी, कारण इथे नुसती नासाडी नाही, माणूस आजारी पडतो. साधारण 5 ते 60 अंश हा जंतूंच्या आवडीचा पट्टा, अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. भाताचंच बघा. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात, विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष परत गरम केलं तरी जात नाही. वास येतोच असंही नाही, त्यामुळे हुंगून बघितलं आणि चांगलं वाटलं यावर विसंबू नका. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून पसरट, उथळ डब्यांत काढा. डब्यावर तारखेची पट्टी लावा आणि तो डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवा, मागे गेलेला डबा विसरलाच म्हणून समजा. तीन-चार दिवसांत संपवा.

कच्चं मांस-मासे सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी कशावर गळणार नाही. दूध दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं आणि तीच फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा, तिथे सॉसच्या बाटल्या ठेवा.

आणि घरी गेल्यावर एक करा. पाणी भरलेल्या ग्लासात फ्रीजचा थर्मामीटर उभा करून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. 4 अंश किंवा त्याच्या खाली हवं. जास्त असेल तर आतलं बटण फिरवा, नुसते एक ते पाच असे आकडे असतील तर बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गार.