शिपण्याचा टायमर: आधी टाकीची उंची मोजा

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "सर, नळाला लावायचा तो मोबाइलवाला टायमर कुठला घेऊ?" विचारणारे बहुतेक चाकरमानी. घर इथे, नोकरी मुंबईत, आणि शिपण्याला माणूस मिळत नाही. एकेकाला दारात उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांशी एकदम बोलावं, म्हणून आजचा हा विषय घेतला.

आपला कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा, पण तो सगळा जून ते सप्टेंबरात ओतून मोकळा होतो. मग जवळजवळ आठ महिने झाडं आपल्या भरवशावर. त्यात जमीन कशी, तर खाली किनाऱ्याला पुळण म्हणजे वाळू, वर सड्यावर जांभा आणि त्यावर वीतभर माती. दोन्ही ठिकाणी पाणी धरून ठेवायची ताकद कमी. आठवड्यातून एकदा आळं तुडुंब भरलं तर निम्मं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. तेच पाणी थोडं थोडं, रोज किंवा दिवसाआड दिलं तर झाडाला लागतं. हे काम माणसाला कंटाळवाणं आणि टायमरला सोपं. म्हणून मी या वस्तूच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. टायमर घेताना लोक ॲप बघतात, किंमत बघतात, ऑनलाइन दिलेले तारे बघतात. मी म्हणतो, आधी मेजरिंग टेप घ्या आणि टाकीचा तळ तुमच्या बागेच्या नळापेक्षा किती वर आहे ते मोजा. भरलेल्या टाकीची पातळी नको, तळच धरा, कारण पाणी उतरत गेलं की जोरही उतरतो. बार हे दाबाचं माप; दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. आपल्याकडे विहिरीचं पाणी पंपाने टाकीत आणि टाकीतून उताराने बागेत. कौलारू घरामागे जांभ्याच्या चौथऱ्यावर टाकी असेल तर उंची तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बार. बाजारातल्या पुष्कळ टायमरांना किमान ०.५ बार लागतो. गार्डेनासारखी जर्मन कंपनी हा आकडा आपल्या टायमरांच्या माहितीत स्पष्ट देते. ही यंत्रं शहराच्या दाबाच्या नळासाठी बनलेली आहेत. आपल्या टाकीचा विचार आपणच करायचा.

दाब कमी पडला तर काय होतं? लोकांना वाटतं, पाणी जरा हळू येईल, एवढंच. तसं नाही. या टायमरांच्या आत रबराचा एक पडदा असतो. तो बंद होतो तो बॅटरीच्या ताकदीने नाही, पाण्याच्याच जोराने. बॅटरी फक्त एक बारीक छिद्र उघडते किंवा झाकते. छिद्र झाकलं की पडद्याच्या वरच्या अंगाला पाणी साठतं आणि त्याचा दाब पडद्याला खाली बसवतो. दाबच नसेल तर पडदा नीट बसत नाही. म्हणजे टायमर 'बंद' दाखवतो आणि पाणी वाहत राहतं.

हे माझ्याच घरी घडलं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही चार दिवस पुण्याला गेलो होतो. परत आलो तर हजार लिटरची टाकी कोरडी, आणि घराजवळच्या दोन केळींच्या आळ्यांत चिखल. लांबची पोफळ तहानलेली. मोबाइलवर मात्र रोज वेळेवर चालू, वेळेवर बंद अशी नोंद. विकणाऱ्याने दाबाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मार्चमधलं हजार लिटर पाणी म्हणजे काय, हे विहिरीचा तळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

उताराच्या पाण्याला चालतो तो बॉल व्हॉल्व्हचा टायमर. त्यात छोटी मोटर असते आणि ती भोक असलेला गोळा फिरवते. आपल्या साध्या कॉकसारखंच काम, फक्त हाताऐवजी मोटर. दाब शून्याजवळ असला तरी तो उघडतो आणि घट्ट बंद होतो. खोक्यावर किमान दाब शून्य लिहिलाय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर दुकानातच सेल घालून चालू करा आणि कानाशी धरा. नुसतं 'टक्' झालं तर पडदा. काही सेकंद 'घुर्र' आवाज आला तर मोटर. या प्रकाराला सेल थोडे जास्त लागतात आणि बारीक वाळू गेली तर गोळ्यावर चरे पडतात. त्यासाठी आधी जाळीचा फिल्टर बसवा आणि पंधरवड्याला धुवा. विहिरीच्या पाण्याला फिल्टर हवाच, टायमर कुठलाही असो.

उताराच्या पाण्यावर ठिबक लावलेल्यांनी अजून एक लक्षात घ्या. ड्रिपरवर, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोटीवर, 'ताशी ८ लिटर' लिहिलेलं असतं ते साधारण १ बार दाबाला. ०.३ बारला साधा ड्रिपर त्याच्या जेमतेम निम्मं देतो. तेव्हा छापील आकड्यावरून मिनिटं ठरवू नका. ड्रिपरखाली बाटली ठेवा, दहा मिनिटांनी मोजा, सहाने गुणा. हे एकदा केलं की माडाला एक तास लागतो की दोन, ते तुम्हालाच कळेल. आळ्यात नारळाची सोडणं पुरून वर झावळ्या टाकल्या असतील तर त्याहूनही कमी वेळात भागतं.

आटे. परदेशातून मागवलेल्या काही टायमरांना अमेरिकन आटे असतात, इंचाला ११.५. आपल्या पाऊण इंची नळाला इंचाला १४. दिसायला सारखे, दोन फेरे बसतातही, मग अडतात आणि गळतात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, उपयोग नाही.

आता 'स्मार्ट'पणाकडे येऊ. ब्लूटूथचा टायमर अंगणात उभं राहूनच हाताळता येतो. मुंबईहून चालवायचा तर घरात वायफाय आणि बहुतेक वेळा त्याला जोडलेला एक हब, म्हणजे वायफाय आणि टायमर यांची गाठ घालणारी छोटी पेटी, लागतो. जांभ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की त्याचीही पोच कमी होते, तेव्हा हब बागेकडच्या खिडकीत ठेवा. लाईट गेली की वायफाय गेलं, हे आपल्याकडे रोजचंच. म्हणून दुकानदाराला हा प्रश्न विचाराच: वेळापत्रक टायमरच्या आत साठतं की फक्त मोबाइलमध्ये? आत साठत असेल तर नेट नसतानाही झाडांना पाणी मिळतं. नसेल तर घेऊ नका. पावसाचा अंदाज बघून पाणी थांबवण्याच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे. नोव्हेंबर ते एप्रिल आपल्याकडे थांबवण्यासारखा पाऊस असतो कुठे? आणि मृग लागला की टायमर काढून, सेल बाहेर काढून, घरात कोरडा ठेवायचा. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत सेल आत राहिले तर ते फुटतात आणि पत्रे हिरवे पडतात.

टायमरच्या अंगावर हाताने दाबायचं बटण असावं. घरी म्हातारी आई असते, शेजारची काकू किल्ली सांभाळते. त्यांच्या हातात तुमचं ॲप नसतं. काही गडबड झाली तर त्यांना पाणी बंद करता आलं पाहिजे.

हापूसच्या कलमांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. लहान कलमांना पाणी द्या, अवश्य द्या. पण धरत्या, म्हणजे फळ देणाऱ्या, कलमाला पावसाळा सरल्यावर ताण बसावा लागतो. जमीन सुकली, थंडी पडली, की मोहोर येतो. तेव्हा ओल राहिली तर पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. फुलझाडांची पाइपलाइन कलमाच्या बुंध्याशेजारून गेली असेल आणि टायमर रोज इमानदारीने वीस मिनिटं पाणी सोडत असेल, तर त्या वर्षीचा आंबा तुम्ही स्वतः घालवलात. कलमांची लाइन वेगळी काढा, तिला वेगळा कॉक ठेवा, आणि फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत तो कॉक बंद.

शेवटची सूचना सावधगिरीची. कुठलाही टायमर कधी ना कधी उघडा राहणार. सेल संपतात, गोळ्यात खडा अडकतो. म्हणून घराच्या टाकीला तो थेट जोडू नका. बागेसाठी दोनशे-तीनशे लिटरचं वेगळं पिंप उंचावर ठेवा, एका दिवसाच्या गरजेपुरतं. बिघाड झाला तर तेवढंच पाणी जाईल, घरच्या पिण्याला धक्का लागणार नाही. रोज ते पिंप कोण भरणार, हे मात्र मुंबईला जाण्याआधी काकूशी बोलून ठरवा.

मागच्या अंगणात एका पिंपाला दोन्ही प्रकारचे टायमर लावून ठेवलेत, पाणी दीड मीटर वर आहे. चला, आधी आवाज ऐकू, मग दोन्ही बंद करून खाली बादली ठेवू.