कार्ड लावल्यावर भिंतीत काय घडतं

(दृश्य: हिंजवडीतली काचेची इमारत, सकाळची गर्दी. गळ्यातली कार्डं रीडरला लावत माणसं आत जातायत.)

कार्ड लावलं, बीप वाजलं, हिरवा दिवा लागला, दार सुटलं. हिंजवडीत, खराडीत, ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत रोज सकाळी हे इतक्यांदा घडतं, की त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आज आपण त्या एका सेकंदाच्या मागे जाणार आहोत, भिंतीच्या आत.

नवं ऑफिस उभं राहतं तेव्हा या यंत्रणेची, म्हणजे ॲक्सेस कंट्रोलची, कोटेशनं येतात. त्यांत सगळ्यात मोठा फोटो असतो रीडरचा. चर्चाही त्याचीच होते, स्क्रीन केवढी, चेहरा ओळखतो का, रंग काळा की चंदेरी. फॉल्स सीलिंगच्या वर काय बसणार आणि त्या दोन जागांमधून कोणती वायर जाणार, हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. मला मात्र सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटतं. दार उघडायचं की नाही, हा निर्णय भिंतीच्या कोणत्या बाजूला होतो?

(दृश्य: दाराबाहेर बसवलेलं बोटाचे ठसे घेणारं यंत्र. वायरमन त्याचं कव्हर काढतो.)

बाजारात भरपूर खपतं ते हे यंत्र. ठसा घेणारंही हेच, ओळखणारंही हेच आणि कुलपाला वीज देणारा रिलेही याच्याच पोटात. एकच डबा, त्यामुळे स्वस्त पडतो आणि अर्ध्या दिवसात बसतो. पण तो बसतो दाराच्या बाहेर. त्याच्या पाठीमागे कुलपाकडे जाणाऱ्या वायरी असतात, बऱ्याचदा आतल्या एक्झिट बटणाच्याही. कुणी हा डबा भिंतीवरून उतरवला, तर त्या वायरी त्याच्या हातात येतात, आणि मग त्याला ना कार्ड लागत ना बोट. डब्यात छेडछाड ओळखणारा टॅम्पर स्विच असतो हे खरं, पण तो फक्त बोंब मारतो, दार रोखत नाही. शिवाय कर्मचाऱ्यांच्या ठशांची नोंदही त्याच डब्यात, बाहेरच्या भिंतीवर टांगलेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

कँटीनच्या दाराला हे यंत्र खुशाल लावा. सर्व्हर रूमला, कॅश रूमला, औषधांच्या साठ्याला लावू नका. तिथे निर्णय घेणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, वेगळा हवा, आणि तो आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीत. बाहेरचा रीडर फक्त नंबर वाचून आत कळवेल. रिले आत, कुलपाची वायर आत, एक्झिट बटणाची वायरही आत. मग बाहेरचा रीडर उपटून काढला तरी हातात लागते ती फक्त निरोप नेणारी वायर.

आता प्रश्न त्या निरोपाचा.

(दृश्य: रीडरमागची हिरवी आणि पांढरी वायर, अगदी जवळून.)

ही हिरवी आणि ही पांढरी. एकीवरून शून्य जातात, दुसरीवरून एक. या पद्धतीचं नाव वीगँड. जॉन वीगँड या संशोधकाने खास प्रक्रिया केलेल्या तारेतला एक चुंबकीय गुणधर्म शोधला आणि 1970 च्या दशकात त्यावर कार्ड-रीडर तयार झाले. ती कार्डं आता गेली, पण रीडरने कंट्रोलरशी बोलायची त्यांची रीत टिकून राहिली. तिची सगळ्यात प्रचलित मांडणी 26 बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या 26 अंकांची आहे. दोन टोकांना तपासणीचा एकेक बिट, 8 बिट जागेचा कोड, 16 बिट कार्डाचा नंबर. म्हणजे जागेचे कोड 256 आणि प्रत्येकामागे कार्डं 65,536. जगभरातल्या इमारती हेच आकडे वापरत असतील, तर एकच नंबर दोन ठिकाणी येणं अटळ आहे.

त्याहून मोठी अडचण अशी, की हा निरोप उघडा जातो. बँकेच्या रांगेत उभं राहून पिन मोठ्याने सांगावा, तसा. रीडरमागच्या वायरींना छोटं यंत्र जोडलं, तर प्रत्येक कार्डाचा नंबर टिपता येतो आणि नंतर तोच पुन्हा पाठवता येतो. निरोप एकाच दिशेने जात असल्यामुळे रीडर जिवंत आहे की कुणी काढून नेला, हेही कंट्रोलरला त्या दोन वायरींवरून कळत नाही.

याला पर्याय आहे ओएसडीपी, म्हणजे ओपन सुपरवाइज्ड डिव्हाइस प्रोटोकॉल. अमेरिकेतल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनने पुढे आणलेली ही पद्धत 2020 मध्ये विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. ती आरएस-485 वर चालते, म्हणजे पीळ घातलेल्या दोन वायरी आणि संभाषण दोन्ही बाजूंनी. वीगँडची मजल साधारण 150 मीटर, हिची 1,200 मीटरपर्यंत. आणि संभाषण एईएस-128 या एन्क्रिप्शनने, म्हणजे सांकेतिक भाषेत, कुलूपबंद करता येतं.

'करता येतं', म्हणजे ते आपोआप होत नाही. 2023 मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या सायबर सुरक्षेच्या परिषदेत संशोधकांनी नेमक्या याच ढिलाईवर बोट ठेवलं. एन्क्रिप्शन ऐच्छिक असतं, काही ठिकाणी कारखान्यातून आलेली, सगळ्यांना माहीत असलेली किल्लीच तशीच राहते, आणि जोडणीच्या वेळी उघडलेला इन्स्टॉल मोड नंतर बंद केला जात नाही. त्यामुळे कोटेशनमध्ये ओएसडीपी एवढा शब्द दिसला म्हणून सही करू नका. 'सिक्युअर चॅनल (एन्क्रिप्शन) चालू, किल्ली बदललेली, इन्स्टॉल मोड बंद' हे कामाच्या अटींत लिहून घ्या आणि काम ताब्यात घेताना समोर बसून तपासा.

वायर शुद्ध आणि कार्ड कच्चं, असंही चालत नाही. 125 किलोहर्ट्झची जुनी जाड कार्डं आपला नंबर विचारेल त्याला सांगतात. मायफेअर क्लासिक या कार्डाच्या एन्क्रिप्शनचं गणित डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या परिषदेत उघडं पडलं, 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या रॅडबाउड विद्यापीठाने ते पुरतं सोडवलं. ही कार्डं आजही नव्या ऑफिसांत दिली जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. डेसफायरसारखी एईएस वापरणारी कार्डं घ्या, आणि रीडर फक्त कार्डाचा अनुक्रमांक वाचून मोकळा होत नाही ना, हे विचारा. तसं असेल तर महाग कार्डाचा काही उपयोग नाही.

(दृश्य: चौकट नसलेलं काचेचं दार. वर यू ब्रॅकेट, ईएम लॉक.)

आता कुलूप. आपल्याकडच्या ऑफिसांत दार म्हणजे बहुधा 12 मिलिमीटरची टफन्ड काच, चौकट नाही. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे विजेने कडी सोडणारी खाच, बसवायला चौकट लागते, म्हणून सर्रास ईएम लॉक, म्हणजे विजेवर चालणारं चुंबकाचं कुलूप, लागतो. 600 पौंडी म्हणजे सुमारे 270 किलोची पकड, 1200 पौंडी म्हणजे सुमारे 545. हे आकडे कारखान्यातले. चुंबकाला चिकटणारी दारावरची लोखंडी पट्टी मधल्या स्क्रूवर किंचित हलती राहावी म्हणून तिच्यामागे रबरी वॉशर देतात. घाईत कुणी ती गच्च आवळली, तर पट्टी चुंबकाला सपाट टेकत नाही आणि केसाएवढ्या फटीनेही पकड कमालीची घटते.

दुसरा चोर वायरीत बसलेला असतो. 12 व्होल्टचा लॉक साधारण अर्धा अँपिअर घेतो. पॉवर सप्लाय 60 मीटरवर असेल आणि 0.5 चौरस मिलिमीटरची वायर ओढली असेल, तर जाऊन-येऊन 120 मीटर तांबं मध्ये येतं आणि लॉकपाशी जेमतेम 10 व्होल्ट पोचतात. 1.5 ची वायर घेतली तर 11 च्या वर राहतात. 24 व्होल्टचा लॉक घेतला तर प्रवाह निम्मा होतो आणि हा प्रश्न जवळपास मिटतो. वायर भिंतीत गेल्यावर ती बदलायची म्हणजे छत उघडायचं, म्हणून हे गणित ऑर्डर देण्याआधी कागदावर मांडायला हवं.

आणि वीज गेली तर? ईएम लॉक सुटतो, दार मोकळं. एका पॉवर सप्लायवर चार लॉक म्हणजे 2 अँपिअर. 7 अँपिअर-तासाची बॅटरी नवी असताना कागदावर साडेतीन तास देते, प्रत्यक्षात कमी. पावसाळ्यात फीडर पडला की एवढ्यात भागेलच असं नाही. म्हणून सर्व्हर रूमला काचेचं दार नकोच. लोखंडी फायर-रेटेड दार, वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहणारं कुलूप, आणि आतून मात्र हँडल दाबताच निव्वळ यांत्रिक रीतीने उघडणारं.

(दृश्य: हिरवा ब्रेक-ग्लास. शेजारी फायर अलार्मचा लाल कॉल पॉइंट.)

या शेवटच्या अटीवर मी कुणाशीही तडजोड करणार नाही. बाहेरच्याला रोखणारं दार आतल्याला कधीही रोखता कामा नये. 2016 चा नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो, की बाहेर पडायची दारं आतून किल्लीशिवाय उघडता आली पाहिजेत. ईएम लॉकच्या बाबतीत याचा अर्थ असा, की फायर पॅनेलच्या, म्हणजे आगीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या, रिलेने लॉकची वीज थेट तोडायला हवी. कंट्रोलरला निरोप, कंट्रोलरकडून सॉफ्टवेअरला, तिथून परत आदेश, असा लांबचा रस्ता नको. नेटवर्कचा स्विच जळालेला असतानाही दार सुटलं पाहिजे. काच दाबून दार सोडवायच्या हिरव्या ब्रेक-ग्लासचंही तेच, त्याचा संपर्क लॉकच्या वीजवायरीतच हवा. ही तोड बॅटरीच्या नंतर असावी, नाहीतर मेन वीज तुटूनही बॅटरी लॉक धरून ठेवते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्या तपासणीला ॲक्सेस कंट्रोलच्या माणसालाही बोलवा. मेन वीज बंद करा, बॅटरीवर किमान तासभर जाऊ द्या. मग फायर पॅनेलवरून अलार्म द्या आणि मजल्यावरचं प्रत्येक दार आतून हाताने ढकलून बघा. जे सुटणार नाही त्याचा नंबर लिहून घ्या, आणि त्याची वायर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.