फणीच्या टोकाने आखलेल्या रेषा

(दृश्य: काळोख्या पार्श्वभूमीवर एक फणी. मागे केसांतून फणी फिरल्याचा खसखस आवाज.)

पडद्यावर दिसणाऱ्या या फणीला दात आहेत, पण या क्षणी काम चालले आहे ते तिच्या निमुळत्या, धातूच्या दांडीचे. दांडीचे टोक कपाळापाशी टेकते, डोक्याच्या उंचवट्यावरून हळूहळू वळत मानेपर्यंत उतरते आणि दोन्हीकडे घनदाट, गुंडाळलेले केस बाजूला सारून मागे एक बारीक उघडी रेषा ठेवते. आपण मराठीत 'भांग' हा शब्द बहुधा एकवचनी वापरतो, कारण आपल्या डोक्यावर तो एकच असतो, मधला नाहीतर बाजूचा. कॉर्नरो, म्हणजे डोक्याच्या त्वचेला लागून ओळींनी घातलेल्या आफ्रिकन वेण्या, घालणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर मात्र दहा, वीस, कधी तीसही भांग असतात, आणि संपूर्ण केशरचनेचे सौंदर्य वेण्यांपेक्षा या भांगांवर ठरते. भांग चुकला तर पुढची वेणी कितीही सफाईने घातली तरी चूक लपत नाही.

कॉर्नरो हे नाव इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ मक्याच्या शेतातली ओळ असा होतो. कॅरिबियन बेटांवर याच रचनेला 'केनरो', म्हणजे उसाची ओळ, म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पकडून नेऊन मका, ऊस आणि कापसाच्या मळ्यांत राबवले गेले, त्यांच्या डोक्यावरच्या रचनेला नाव मिळाले ते त्याच मळ्यांवरून. रचना मात्र या नावापेक्षा कितीतरी जुनी आहे. मका हे मुळात अमेरिकेचे पीक, आणि ते आफ्रिकेत पोहोचले कोलंबसच्या सफरींनंतर. तर नायजेरियातील नोक संस्कृतीच्या, दोन हजार वर्षांहून जुन्या भाजक्या मातीच्या मूर्तींवर केसांची बारकाईने केलेली मांडणी आजही पाहायला मिळते.

(दृश्य: दोन हातांची बोटे. वेणी डोक्याच्या त्वचेला लागून पुढे सरकते आहे.)

ही वेणी घालतात कशी, हे समजायला आपल्या घरातली सागरवेणी उपयोगी पडेल. सागरवेणीत तीन पेड घेऊन सुरुवात होते आणि प्रत्येक वेढ्याला बाजूचे थोडे थोडे केस पेडात मिळवत जातात. कॉर्नरोतही तसेच मिळवतात. फरक इतकाच की बाजूचा पेड मधल्या पेडाच्या वरून न नेता खालून नेतात, त्यामुळे वेणी केसांत बुडत नाही, तर दोरखंडासारखी डोक्यावर उठून दिसते. शिवाय सागरवेणी साऱ्या डोक्याचे केस एकत्र गोळा करते, आणि कॉर्नरो भांगांनी आखून दिलेल्या आपल्या पट्टीबाहेरचा एकही केस घेत नाही.

अशा बारीक वेण्या सरळ केसांवरही घालता येतात, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी हौसेने घालून घेतलेल्या वेण्या अनेकांनी पाहिल्या असतील. पण सरळ केस गुळगुळीत असल्यामुळे पेड निसटू लागतात आणि टोकाला रबर लावावेच लागते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या घट्ट वळणांच्या केसांची गोष्ट निराळी आहे. हा केस पेनाच्या आतल्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, एक केस दुसऱ्याला धरून ठेवतो, आणि टोक दोन बोटांत नुसते पिळून सोडले तरी वेणी सुटत नाही. याच गुंडाळीमुळे तो जपावाही लागतो. त्वचेतून स्रवणारे तेल इतकी वळणे ओलांडून टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे केस कोरडा राहतो आणि वळणावर तुटतो. ज्या केसांना रोज विंचरणे सोसत नाही, त्यांना काही आठवडे वेणीत बांधून ठेवणे ही म्हणूनच निगा राखण्याची रीत आहे.

आता प्रत्यक्ष रचनांकडे वळू, आणि त्यासाठी नायजेरियातील योरुबा समाजाइतके चांगले ठिकाण नाही, कारण तिथे प्रत्येक रचनेला नाव आहे आणि ते नाव ऐकताच डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. कपाळापासून मानेपर्यंत सरळ मागे जाणाऱ्या, मानेपाशीच संपणाऱ्या वेण्यांना 'कोलेसे' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'पाय नसलेली', कारण वेणीची टोके खाली लोंबत नाहीत. सगळ्या वेण्या चहूबाजूंनी वर चढून माथ्यावर टोपलीसारख्या एकत्र आल्या की ती 'शुकू'. दोन्ही कानांकडून निघालेल्या वेण्या डोक्याच्या मध्यरेषेवर येऊन भेटल्या की 'पातेवो', म्हणजे टाळी, कारण दोन तळवे जुळावेत तशा त्या जुळतात. मानेकडून कपाळाकडे उलट्या दिशेने आणलेल्या वेण्यांना 'इपाको एलेदे', म्हणजे डुकराच्या डोक्याची मागची बाजू, असे म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रे, एकामागून एक. सर्व पाठमोऱ्या स्त्रिया.)

या रचनांचा मोठा संग्रह एका छायाचित्रकाराने करून ठेवला आहे. जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांचा जन्म १९३० सालचा. नायजेरिया स्वतंत्र झाल्यानंतरच्या दशकात, १९६८ साली, त्यांनी स्त्रियांच्या केशरचनांची छायाचित्रे टिपायला सुरुवात केली आणि २०१४ साली त्यांचे निधन झाले तोवर अशी सुमारे एक हजार छायाचित्रे जमली होती. यातल्या कितीतरी छायाचित्रांत चेहरा दिसतच नाही, कारण कॅमेरा मागे उभा आहे. ज्या बाजूने ती स्त्री स्वतःला कधीच पाहू शकत नाही, त्या बाजूने तिचे डोके एखाद्या शिल्पासारखे समोर येते, आणि लक्षात येते की ही कला नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातची असते. आपला भांग आपण आरशात पाहून पाडू शकतो. डोक्याच्या मागच्या बाजूचे दहा भांग सरळ पाडायला बहुतेकींना दुसरीच्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसावे लागते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सहेल पट्ट्यातल्या फुलानी समाजाच्या स्त्रियांची पद्धत वेगळी. त्यात डोक्याच्या मधोमध कपाळापासून मागे जाणारी एक वेणी असते, कानशिलांवरून एक-दोन वेण्या पुढे, चेहऱ्याकडे सोडलेल्या असतात, आणि त्यांत मणी, कवड्या किंवा चांदीची नाणी ओवलेली असतात. इथिओपियातील 'शुरुबा' ही आणखी एक जुनी रचना, जिच्यात बारीक वेण्या डोक्याला चिकटून मानेपर्यंत येतात आणि तिथून पुढचे केस मोकळे फुलतात. ती स्त्रियांपुरती मर्यादितही नव्हती. एकोणिसाव्या शतकातले इथिओपियाचे सम्राट तेवोद्रोस दुसरे आणि योहान्नेस चौथे यांच्या चित्रांत त्यांच्या डोक्यांवर अशाच वेण्या दिसतात.

आजच्या सलूनमध्ये याच जुन्या मांडण्या नव्या नावांनी फिरतात. सगळ्या वेण्या एका खांद्याकडे झुकवलेल्या 'लेमोनेड ब्रेड्स' हे नाव गायिका बियॉन्सेच्या २०१६ सालच्या अल्बमवरून पडले. 'स्टिच ब्रेड्स'मध्ये वेणीत मिळवायची प्रत्येक बट आडव्या रेषेने इतकी नेमकी तोडलेली असते की वेणीच्या दोन्ही कडांना शिवणीचे टाके घातल्यासारखे दिसते. भांग सरळ न पाडता नागमोडी पाडला तर तेवढ्यानेच साध्या सहा वेण्यांचे रूप पालटते, आणि माझ्या मते पहिल्यांदाच कॉर्नरो घालून घेणाऱ्या स्त्रीने मागायला हवी ती हीच रचना: वेण्या थोड्या, ताण कमी, वेळ तासाभराच्या आसपास, आणि नजर मात्र ठरते. जिचे केस दोन-तीन इंचच आहेत, तिलाही हे शक्य आहे, कारण सरावलेल्या बोटांना एवढी लांबी पुरते. लांबी हवीच असेल तर कानेकालोन या जपानी कृत्रिम धाग्याच्या बारीक बटा वेणीत टप्प्याटप्प्याने मिसळत नेतात, म्हणजे कपाळापाशी वेणी स्वतःच्या केसांची, नाजूक असते आणि मागे जाता जाता भरत जाते. पूर्वी सुरुवातीलाच सगळा धागा गाठ मारून जोडत असत. त्या गाठीचा उंचवटा आणि ओझे दोन्ही या पद्धतीने टळले.

डोके गोल आहे आणि रेषा त्यावर सरळ दिसायला हवी, हा काही सोपा प्रश्न नव्हे. अमेरिकी अभ्यासक रॉन एग्लॅश यांनी कॉर्नरोतले हे गणित संगणकावर मांडून दाखवले. वेणीचा एक वेढा घ्या, तो किंचित लहान करा, किंचित फिरवा, किंचित पुढे सरकवा आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करा, की पडद्यावर वळत जाणारी, निमुळती होणारी वेणी उमटते. वेणी घालणारीने यातला एकही शब्द उच्चारलेला नसतो. तिची बोटे दर वेढ्याला किती केस मिळवायचे आणि किती अंशांनी वळायचे हे ठरवत पुढे जातात.

(दृश्य: कोलंबियातील पालेंके गावातला रस्ता. दारात बसून वेणी घालणाऱ्या दोघी.)

कॉर्नरोविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी कथा कोलंबियातली आहे. कार्ताहेनाजवळचे सान बासिलिओ दे पालेंके हे गाव गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकनांनी वसवले, आणि स्त्रियांनी मुलींच्या डोक्यांवर वेण्यांनी पळवाटांचे नकाशे काढले होते, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये 'मरून' म्हणजे मळ्यांतून निसटलेल्या गुलामांच्या वंशजांचा समाज आहे; त्याच्यात अशीच आठवण भाताच्या दाण्यांविषयी आहे. वेण्यांत दडवून आणलेल्या दाण्यांतून नव्या भूमीत भात उगवला, असे ते सांगतात. या गोष्टी मौखिक परंपरेने आल्या आहेत, आणि इंटरनेटवर त्या दप्तरात नोंदवलेल्या घटना असल्याच्या थाटात फिरतात, ते योग्य नव्हे. ज्यांना लिहायची मुभाच नव्हती, त्यांच्या आठवणींना आठवणी म्हणूनच ऐकावे.

दप्तरात नोंदवलेली घटना हवी असेल, तर ती अमेरिकेतली आहे आणि फार जुनी नाही. रेने रॉजर्स ही कृष्णवर्णीय स्त्री अमेरिकन एअरलाइन्समध्ये विमानतळावर काम करत होती आणि कामावर कॉर्नरो घालून येण्यास कंपनीने तिला मनाई केली. कामाच्या वेळेत वेण्यांचा अंबाडा बांधून त्यावर कृत्रिम केसांचे वेष्टण गुंडाळावे, असा पर्याय तिला देण्यात आला. त्याने आपले डोके दुखते, असे तिने सांगितले. १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. वेणी ही जन्मजात गोष्ट नसून बदलता येण्याजोगी आहे, असा त्यातला मुख्य युक्तिवाद होता, आणि डोकेदुखीवर उपाय म्हणून आणखी मोठे वेष्टण वापरता येईल, अशी सूचनाही निकालपत्रात आहे. शिवाय १९७९ साली बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने चित्रपटात ही रचना केल्यानंतर थोड्याच काळात रॉजर्स कामावर कॉर्नरोत दिसू लागली, याचीही दखल न्यायालयाने घेतली. म्हणजे आईच्या आणि आजीच्या डोक्यावरून आलेली गोष्ट तिने एका चित्रपटावरून उचलली असावी, असा ध्वनी त्या कागदातून निघतो.

लंडनच्या उच्च न्यायालयाने २०११ साली मात्र कॉर्नरोमुळे शाळेत प्रवेश नाकारला गेलेल्या एका मुलाच्या बाजूने कौल दिला, आणि २०१९ साली कॅलिफोर्निया हे केसांचा पोत व वेण्यांवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई करणारे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. त्यानंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

(दृश्य: कपाळाची कड, अगदी जवळून. बारीक, मऊ केस.)

या चौकटीत दिसणारे कपाळाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक असतात. वेणी जितकी घट्ट तितकी टिकाऊ, हा समज फार पसरलेला आहे, आणि त्याची किंमत याच केसांना मोजावी लागते. सतत ओढ बसली की मुळे हळूहळू दुबळी होतात आणि कानशिलांवरची केसांची रेषा मागे हटू लागते. वेळीच ताण सैल केला तर केस परत येतात, वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर येत नाहीत. भुवया वर खेचल्यासारख्या वाटणे, वेणीच्या सुरुवातीला बारीक पुटकुळ्या उठणे, रात्री उशीवर डोके टेकवता न येणे या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच असतो: ती वेणी त्याच दिवशी सोडायला हवी. जाणती कारागीर कडेचे मऊ केस वेणीत घेतच नाही; ती थोडे मागून सुरुवात करते.

बाकी निगा साधी आहे. वेणीआधी केस धुऊन, ओलावा देऊन, गुंता बोटांनी सोडवायचा. वेण्या असताना भांगांतून पातळ तेल फिरवायचे. रात्री सॅटिनचा रुमाल बांधायचा, कारण सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषतो. निव्वळ स्वतःच्या केसांच्या वेण्या दोन-तीन आठवड्यांत विस्कटू लागतात. धागा मिसळलेल्या थोड्या अधिक टिकतात, पण दोन महिन्यांच्या पुढे त्या ठेवू नयेत. सोडताना हातात पुंजकाभर केस येतात आणि पहिल्यांदा ते पाहून पोटात गोळा उठतो. एरवी रोज गळून गेले असते ते इतके दिवस वेणीत अडकून राहिलेले केस असतात, एवढेच.

(दृश्य: पुन्हा सुरुवातीची फणी, आता टेबलावर ठेवलेली.)

शेवटची वेणी मानेपाशी आली आहे. बोटे टोक पिळतात, शेजारच्या वेणीखाली खोचतात आणि थांबतात. कारागीर भांगांवर थोडा फेस लावते, वरून रुमाल घट्ट गुंडाळते आणि पंधरा मिनिटे तसाच राहू देते, म्हणजे सुटे केस खाली बसतील. मग रुमाल काढून ती मोबाइल उचलते, मागे जाऊन एक छायाचित्र घेते आणि बसलेल्या स्त्रीच्या हातात देते. ती ते दोन बोटांनी मोठे करते, मानेपासून माथ्यापर्यंत एकेका रेषेवरून नजर नेते, आणि डाव्या कानामागचा चौथा भांग किंचित वाकडा झाला आहे, हे तिच्या लगेच लक्षात येते.